राणीची सही

पुतणीचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. तिच्याबरोबर मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका ब्युटी पार्लरमध्ये गेले होते. तिचं काम होईपर्यंत बाकावर बसून राहिले. समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र होतं. कानापर्यंत ओढलेलं काजळ, कपाळावर सोन्याचा नाग, खांद्यापर्यंत कापलेले काळेभोर केस. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीनं मला विचारलं, ही कोण हो काकू? मी लगेच सांगून टाकलं की ही क्लिओपात्रा, इजिप्तची राणी, जगातली सगळ्यात सुंदर बाई, गाढविणीच्या दुधात आंघोळ करायची आणि शेवटी साप चावून घेऊन मेली.

सांगून झालं आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. मी बी.ए. झालेली बाई, इतिहास माझ्या आवडीचा विषय. या राणीनं एकवीस वर्षं राज्य केलं आणि मला तिच्याबद्दल ठाऊक काय, तर दूध आणि साप!

त्याच आठवड्यात आमच्या बचत गटातली एक बाई माझ्याकडे आली. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात दोन मुलं, वाट्याला तीन एकर जमीन. दीर म्हणतात हक्कसोडपत्रावर सही कर. ही करत नाही. जमीन स्वतः कसते, खताचं-बियाण्याचं सगळं वहीत टिपून ठेवते. हिशेबात बोट ठेवायला जागा मिळेना, तेव्हा भावकीतून दुसरंच बोलणं सुरू झालं. शेतात ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या माणसाशी तिचं नाव जोडलं. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज पार बसला होता. ताई, जमिनीचं मी लढेन, पण याला काय उत्तर देऊ, असं ती विचारत होती. मला काही सुचलं नाही. चहा करून दिला, इतकंच.

दोन्ही गोष्टी डोक्यात घोळत होत्या. मग वाचनालयातून पुस्तकं आणली आणि दुपारची कामं आटोपली की वाचत बसू लागले. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

क्लिओपात्रा इजिप्तची राणी खरी, पण तिचं घराणं मूळचं इजिप्तचं नव्हे. ते ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनियाचं. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला आणि त्याच्या सरदारांनी त्याचं अफाट राज्य आपसात वाटून घेतलं. भावकीत वाटण्या होतात तशाच, म्हणजे भांडत भांडत. त्यात टॉलेमी नावाच्या सरदारानं इजिप्त धरलं आणि इ.स.पू. ३०५ मध्ये तो स्वतःला राजा म्हणवून घेऊ लागला. त्याच्या वंशातल्या सगळ्या राजांचं नाव टॉलेमीच. राण्यांची नावंही ठरलेली : आर्सिनोई, बेरेनिस, क्लिओपात्रा. आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात तसं. आपली क्लिओपात्रा ही त्यातली सातवी.

राजधानी होती समुद्रकाठची अलेक्झांड्रिया. तिथलं दीपगृह जगातल्या सात आश्चर्यांत गणलं जाई. तिथलं ग्रंथालय तर त्या काळातलं सर्वांत नावाजलेलं. पृथ्वीचा घेर किती असेल हे सावल्या मोजून काढणारा इराटोस्थेनिस त्याच ग्रंथालयाचा प्रमुख होता. अशा गावात ही मुलगी इ.स.पू. ६९ च्या सुमारास जन्मली.

या घराण्यात भावाबहिणीचं लग्न लावायची चाल होती. वाचताना अंगावर काटा येतो. सत्ता घराबाहेर जाऊ नये हा त्यातला एक हेतू. पण घरात ठेवलेली सत्ता घरच्यांनाच खाते. आई मुलाविरुद्ध, भाऊ बहिणीविरुद्ध असे तिथे खून पडत आलेले.

आणखी एक गोष्ट. पावणेतीनशे वर्षं हे लोक इजिप्तवर राज्य करत होते, पण दरबार चाले ग्रीक भाषेत. शेतात राबणारी रयत बोले इजिप्शियन. प्लुटार्क नावाचा ग्रीक चरित्रकार सांगतो की या घराण्यात प्रजेची भाषा शिकलेली पहिली राज्यकर्ती म्हणजे क्लिओपात्रा. त्याशिवाय अरब, ज्यू, सीरियन, इथिओपियन, पार्थियन अशा किती तरी लोकांशी ती दुभाष्याशिवाय बोलत असे. हाच प्लुटार्क पुढे म्हणतो की तिचं रूप काही बघताक्षणी थक्क व्हावं असं नव्हतं, तिच्या बोलण्यात आणि सहवासात जादू होती. तिची नाणी मिळाली आहेत. त्यावर दिसते ती बाकदार नाकाची, ठसठशीत हनुवटीची, केसांचा अंबाडा घातलेली बाई. पार्लरमधल्या चित्राशी तिचा काही संबंध नाही!

भाषेचं महत्त्व मला माझ्या कामामुळे कळतं. कचेरीत नवा साहेब आला आणि तो बायकांशी थेट त्यांच्या बोलीत बोलला की मधल्या दलालाची गरज संपते. राणीला रयतेचं गाऱ्हाणं स्वतःच्या कानांनी कळू लागलं तर कारभारी मंडळींना ते कसं रुचेल?

तिच्या घरची परिस्थिती मात्र कर्जबाजारी होती. वडील बारावे टॉलेमी. लोक त्यांना पावा वाजवणारा राजा म्हणून हिणवत. गादी टिकवायला रोमचा पाठिंबा हवा आणि पाठिंब्याला पैसा हवा, म्हणून त्यांनी रोमच्या सावकारांकडून प्रचंड कर्ज काढलं. इ.स.पू. ५८ मध्ये त्यांना देश सोडून पळावं लागलं. मागे थोरली मुलगी बेरेनिस गादीवर बसली. इ.स.पू. ५५ मध्ये वडील रोमन फौज घेऊन परत आले आणि पहिलं काम काय केलं, तर पोटच्या मुलीला ठार केलं. नंतर एका रोमन सावकारालाच, रॅबिरियसला, खजिन्याचा कारभारी नेमलं. कर्ज देणाराच तिजोरीवर बसला!

क्लिओपात्रा तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या वयात आपण आईचा हात धरून बाजारात जात होतो. तिनं मात्र थोरल्या बहिणीचं मरण आणि बापाची सावकारी गुलामी एकदमच पाहिली.

इ.स.पू. ५१ मध्ये वडील वारले. मृत्युपत्रात अठरा वर्षांची क्लिओपात्रा आणि दहा वर्षांचा धाकटा भाऊ तेरावा टॉलेमी असे दोघांचं मिळून राज्य ठेवलं होतं. सुरुवातीच्या काही कागदांवर भावाचं नाव नाही, एकटीचंच आहे. म्हणजे कारभार हाती घ्यायला ती बिचकली नव्हती. पण नशिबानं तिच्यासमोर काय वाढून ठेवलं होतं? दुष्काळ.

इजिप्तमध्ये पाऊस जवळपास नाहीच. तिकडे दूर इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस पडला की नाईलला पूर येतो, पूर ओसरला की गाळ राहतो आणि त्या गाळात गहू पिकतो. पुराची उंची दगडी पायऱ्यांवर खुणा करून मोजत. पाणी किती चढलं यावर पीक आणि पिकावर सारा ठरे. तिच्या राज्याच्या आरंभीच पूर कमी पडला. इ.स.पू. ५० मधला एक हुकूम मिळाला आहे. त्यात मध्य इजिप्तमधलं धान्य दुसरीकडे कुठेही न नेता थेट अलेक्झांड्रियाला पाठवावं असं बजावलंय. भरल्या शहरात अन्नावाचून दंगे होऊ नयेत म्हणून खेड्यांच्या तोंडचा घास शहराला दिला. हे मला पटत नाही, पण राज्यकर्ते तेव्हाही हेच करत आणि आजही करतात.

दहा वर्षांच्या राजाभोवती तीन पुरुष होते. पोथिनस हा कारभारी, अकिलास हा सेनापती, थिओडोटस हा शिक्षक. स्वतःचं डोकं चालवणारी राणी त्यांना नको होती. इ.स.पू. ४८ पर्यंत त्यांनी तिला राजधानीबाहेर हुसकून लावलं. तिनं सीरियाच्या बाजूला जाऊन फौज जमवली आणि सरहद्दीवर येऊन उभी राहिली. वय वर्षं एकवीस.

नेमका तेव्हाच ज्युलियस सीझर अलेक्झांड्रियात उतरला. सीझरला इजिप्तकडून बापाच्या कर्जाची वसुली करायची होती. भावाची माणसं तिला शहरात पाऊल टाकू देईनात. सिनेमात दाखवतात की ती गालिच्यात गुंडाळून सीझरपुढे आली. प्लुटार्कनं लिहिलंय त्यात गालिचा नाहीच. अंथरूण-पांघरूण बांधायची पिशवी, म्हणजे आपली वळकटी! अपोलोडोरस नावाच्या विश्वासू माणसानं ती वळकटी दोरीनं बांधली, संध्याकाळी लहानशा होडीतून राजवाड्याशी आणली आणि खांद्यावर टाकून आत नेली. पहारेकऱ्यांना वाटलं, नोकर बिछाना घेऊन चाललाय.

या प्रसंगाचं लोकांनी काय काय केलं! मला तरी त्यात एवढंच दिसतं की न्याय मागायला दारातून जाऊ देईनात, म्हणून ती जमेल त्या वाटेनं गेली. पकडली गेली असती तर गळाच कापला असता.

पुढे शहरात लढाई पेटली. इ.स.पू. ४७ मध्ये धाकटा राजा नाईलमध्ये बुडून मेला. क्लिओपात्रा पुन्हा गादीवर आली, या वेळी दुसऱ्या धाकट्या भावाला नावापुरतं शेजारी बसवून. त्याच वर्षी तिला मुलगा झाला. तो सीझरचा, असं ती सांगत असे. लोकांनी त्याचं नाव सीझेरियन ठेवलं. इ.स.पू. ४६ मध्ये ती रोमला गेली आणि इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये सीझरचा खून झाल्यावर इजिप्तला परतली. थोड्याच दिवसांत तो दुसरा भाऊ वारला. तिनंच विष घातलं असं जोसेफस नावाचा इतिहासकार लिहितो. धाकटी बहीण आर्सिनोई एफिससच्या देवळात आश्रयाला होती. इ.स.पू. ४१ मध्ये क्लिओपात्राच्या सांगण्यावरून अँटनीनं तिला मारवलं.

मैत्रिणींनो, मी तिला देवी करायला बसलेले नाही. सख्ख्या बहिणीच्या रक्ताचा डाग काही धुऊन निघत नाही. त्या घरात जो मारणार नाही तो मरणार, हे ती लहानपणीच शिकली होती. पण तिच्या आधीच्या टॉलेमींनीही हेच केलं. त्यांच्या चारित्र्यावर कुणी नाटकं रचली नाहीत, हेही खरं.

दुष्काळ पुन्हा आला. इ.स.पू. ४३ मध्ये अलास्कातला ओकमोक नावाचा ज्वालामुखी फुटला होता. त्या राखेनं दूरदूरचं हवामान बिघडलं आणि नाईलचे पूरही आटले असावेत, असं शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये बर्फातल्या राखेच्या अभ्यासावरून मांडलं. राणीला बिचारीला कुठून कळणार की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला डोंगर फुटलाय म्हणून आपल्या नदीला पाणी नाही! तिनं सरकारी कोठारं उघडून अलेक्झांड्रियात धान्य वाटलं. त्यातून ज्यू लोकांना वगळलं, असा ठपका जोसेफसनंच ठेवलाय. इ.स.पू. ४१ मधला तिचा आणखी एक हुकूम आहे. जिल्ह्याचे अंमलदार शेतीच्या ठरलेल्या देण्यापेक्षा जास्त वसुली करत होते. ती थांबवा, असं तिनं बजावलं. तांब्याची नवी नाणी पाडली, त्यांवर किंमत दाखवणारी अक्षरं घातली. असं सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अत्तराची कुपी येत नव्हती, रात्री दिव्याखाली वही घेऊन बसलेली बाई येत होती.

आता अँटनीची गोष्ट. सीझरनंतर रोमची सत्ता मुख्यतः दोघांच्या हाती आली. पूर्वेकडे मार्क अँटनी, पश्चिमेकडे सीझरचा वारस ऑक्टेव्हियन. इ.स.पू. ४१ मध्ये अँटनीनं क्लिओपात्राला टार्ससला बोलावून घेतलं. सोन्याचा मुलामा दिलेली नाव, जांभळी शिडं, चांदीची वल्ही आणि आत प्रेमदेवतेच्या वेशात बसलेली राणी, हे वर्णन सगळे रंगवून सांगतात. पण दोघांची गरज काय होती हे कुणी सांगत नाही. अँटनीला पार्थियावर स्वारी करायला पैसा, धान्य आणि जहाजं हवी होती. तिला गादी राखायला रोमन फौजेचा आधार हवा होता. प्रेमही असेल. पण आधी व्यवहार होता.

इ.स.पू. ४० मध्ये तिला जुळं झालं, अलेक्झांडर हेलिओस आणि क्लिओपात्रा सेलिनी. म्हणजे सूर्य आणि चंद्र. त्याच वर्षी अँटनीनं रोमला जाऊन ऑक्टेव्हियनच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी लग्न केलं! पुढची साडेतीन वर्षं तो इकडे फिरकला नाही. त्या काळात ही तीन लेकरं सांभाळत एकटी राज्य करत होती. पुरुषाला नादी लावून बसलेली बाई असं जिला म्हणतात, तिच्या आयुष्यातली ही एवढी वर्षं त्या गोष्टीत कुठेच येत नाहीत.

अँटनी परतला तेव्हा तिनं आपली बाजू नीट वसूल केली. लेबनॉनच्या बाजूचा देवदाराचा मुलूख मिळाला, जहाजांना लाकूड झालं. जेरिकोजवळच्या सुगंधी डिंकाच्या आणि खजुराच्या बागा मिळाल्या. त्या तिनं त्याच राज्याच्या राजाला, हेरोदला, खंडानं परत कसायला दिल्या! दर वर्षी खंड घरपोच. तिच्या आजोबा-पणजोबांनी गमावलेला मुलूख या बाईनं लढाई न करता बराचसा परत मिळवला.

आणि इथेच ती रोमच्या डोळ्यांत खुपली. ऑक्टेव्हियनला अँटनीचा काटा काढायचा होता. पण रोमन माणसानं रोमन माणसाविरुद्ध लढायचं म्हणजे यादवी. लोक त्याला कंटाळले होते. मग त्यानं शक्कल लढवली. इ.स.पू. ३२ मध्ये युद्ध पुकारलं ते अँटनीविरुद्ध नाही, क्लिओपात्राविरुद्ध. अँटनी बिचारा भोळा, त्या परदेशी बाईनं त्याच्यावर चेटूक केलं, ती दारूडी आहे, ती उद्या रोमवर राज्य करील, असं वातावरण उठवलं. रोमच्या कवींनीही तोच सूर लावला.

हे पान वाचताना मी पुस्तक मिटलं. मला आमच्या गटातली ती बाई आठवली. दोन हजार वर्षं, हजारो मैल, राजवाडा कुठे आणि तीन एकर कुठे! पण रीत तीच. बाईच्या कारभारात खोट सापडली नाही की तिच्या पदराला हात घालायचा. त्याला पुरावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही गोडी वाटते. मीही त्या पार्लरमध्ये तेच केलं होतं, नाही का?

इजिप्तमधल्या बायकांना स्वतःच्या नावानं जमीन घेता-विकता येत असे, करार करता येत, नवऱ्यापासून काडीमोडही घेता येई. रोमच्या बहुतेक बायकांना असे व्यवहार करायला पुरुष पालकाची संमती लागे. ज्या देशात बाई सही करू शकते तिथली राणी रोमच्या पुरुषांना धोक्याची वाटली, यात मला नवल वाटत नाही.

२ सप्टेंबर, इ.स.पू. ३१. ग्रीसच्या किनाऱ्याजवळ ॲक्टियमला समुद्रावर लढाई झाली. क्लिओपात्रा आपली साठेक जहाजं आणि खजिना घेऊन वेढ्यातून निसटली, मागोमाग अँटनी. बाई घाबरून पळाली असं शत्रूनं लिहिलं. वेढा फोडून निघायचं हे आधीच ठरलेलं असावं, असं आज बरेच अभ्यासक मानतात. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला ऑक्टेव्हियन अलेक्झांड्रियात शिरला. अँटनीनं स्वतःला तलवार खुपसून घेतली. थोड्याच दिवसांत क्लिओपात्राही गेली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तिला साखळदंडात रोमच्या रस्त्यांवरून मिरवायचा ऑक्टेव्हियनचा बेत होता. तिनं तो हुकवला. शेवटी जवळ होत्या फक्त दोन दासी, इरास आणि चार्मिऑन. त्याही तिच्याबरोबरच मेल्या. सापाचं म्हणाल तर खरं काय घडलं ते कुणालाच ठाऊक नाही, असं खुद्द प्लुटार्कच लिहून गेलाय. आणि गाढविणीचं दूध? ते प्लिनी या रोमन लेखकानं नीरो बादशहाच्या बायकोबद्दल, पॉपियाबद्दल लिहिलंय, तेही क्लिओपात्रानंतर शंभरेक वर्षांनी. तिचं दूध हिच्या नावावर चढलं!

जिंकणाऱ्याला काय मिळालं ते बघा. इजिप्तचा खजिना रोमला गेला आणि तिथे इतका पैसा खेळू लागला की व्याजाचे दर उतरले, जमिनींचे भाव चढले. चारित्र्याची एवढी चर्चा झाली, पण शेवटी गोष्ट जमीन आणि पैशावरच येऊन थांबली.

तिच्या मुलांचं काय झालं, हे मी आई म्हणून शोधत होते. थोरला सीझेरियन सोळा-सतरा वर्षांचा होता. प्लुटार्क सांगतो की आईनं त्याला पुष्कळ धन देऊन हिंदुस्थानच्या वाटेला लावलं होतं. हो, आपल्याकडे! इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून मोसमी वाऱ्यांवर जहाजं आपल्या पश्चिम किनाऱ्याला येत. पुढच्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत भडोच, सोपारा आणि कल्याणची नावं आहेत. पोरगा पोचला असता तर कदाचित याच किनाऱ्यावर उतरला असता. पण राज्य परत देण्याच्या भुलावणीनं त्याला मागे फिरवलं आणि मारलं.

धाकटी तीन मुलं रोमला नेली. त्यांना वाढवलं कुणी? ऑक्टेव्हियानं. अँटनीनं टाकलेल्या त्याच बायकोनं! सवतीची लेकरं तिनं आपल्या मुलांबरोबर सांभाळली. या बाईवर कुणी सिनेमा काढत नाही. जुळ्यातली मुलगी सेलिनी मोठी होऊन आजच्या अल्जीरिया-मोरोक्कोकडच्या मॉरेटानियाची राणी झाली. तिनं स्वतःची नाणी पाडली. सासरी सरकारी नाण्यांवर लॅटिन चाले, पण हिनं आपलं नाव ग्रीकमध्ये घातलं, माहेरच्या भाषेत. त्यावर इजिप्तची मगर कोरली आणि मुलाचं नाव टॉलेमी ठेवलं. ज्या बाईचं नाव घेणंही रोममध्ये बदनामीचं होतं, तिच्या लेकीनं आईचं नाव असं सांभाळलं.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. बर्लिनच्या संग्रहालयात एक जुना पपायरसचा कागद आहे. जुन्या कागदांचे थर चिकटवून ममीची वेष्टणं करत, तशा रद्दीत तो सापडला. इ.स.पू. ३३ मधला तो सरकारी हुकूम आहे. एका बड्या रोमन माणसाला दर वर्षी १०,००० पोती गहू बाहेर न्यायला आणि ५,००० रांजण दारू आत आणायला जकात माफ. बड्यांना सवलती तेव्हाही होत्याच! मजकूर लेखनिकाच्या अक्षरात आहे. पण खाली वेगळ्या हातानं एकच ग्रीक शब्द लिहिलाय, तसे व्हावे अशा अर्थाचा. हा शब्द खुद्द क्लिओपात्राच्या हातचा असावा, असं २००० मध्ये एका अभ्यासकानं दाखवून दिलं. सगळ्यांना ते मान्य नाही, पण बऱ्याच जणांना आहे. मला त्या एका शब्दाचं फार अप्रूप वाटलं. तिच्याबद्दल शत्रूंनी पानंच्या पानं लिहिली. तिच्या हातचं उरलं असेल तर एवढंच, एका कागदाखालची मंजुरी.

हे लिहिताना स्वयंपाकघरातलं कॅलेंडर समोर आहे. जुलै हा ज्युलियस सीझरचा. ऑगस्ट हा ऑक्टेव्हियनचा, कारण पुढे तो ऑगस्टस झाला आणि त्यानं इजिप्त जिंकलं ते याच महिन्यात, म्हणून इ.स.पू. ८ मध्ये रोमच्या सिनेटनं महिन्याला त्याचं नाव दिलं. तिच्या मरणाचा महिना त्याच्या नावावर! तीनशे पासष्ट आणि पाव दिवसांच्या वर्षाची मोजणीही इजिप्तच्या विद्वानांचीच, सीझरनं ती उचलली. दूधवाल्याचे खाडे आपण रोज त्याच चौकटीत मांडतो.

त्या बाईला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि एवढंच विचारलं की त्या राणीला कुणी सोबतीला नव्हतं का. त्या प्रश्नानं मला माझं उत्तर मिळालं. बोलणाऱ्यांची तोंडं आपण धरू शकत नाही, पण तिच्या शेजारी उभं राहू शकतो. गेल्या सोमवारी गटातल्या आम्ही चौघी तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेलो. वारस नोंदीच्या अर्जावर तिनं आपल्या आणि मुलांच्या वतीनं सही केली. पेन घट्ट धरून, एकेक अक्षर सुटं काढून. काम अजून व्हायचंय, दीर हरकत घेणार हेही ठाऊक आहे. गावातलं बोलणं थांबलेलं नाही. पण परतताना ती एस.टी.त खिडकीशी बसली आणि पहिल्यांदा आपण होऊन बोलली, यंदा सोयाबीन बरं येईल म्हणून.

पार्लरमधली ती मुलगी पुन्हा भेटली तर तिला सांगायचं राहिलंय, की मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं बरं का. ती राणी आधी आपल्या माणसांची भाषा शिकली, आणि मग राज्य केलं.